ग्योर्लित्सची खानेसुमारी

जर्मनीच्या अगदी पूर्व टोकाला, पोलंडच्या हद्दीला खेटून ग्योर्लित्स नावाचं शहर आहे. वस्ती आज साधारण 56 हजार. मध्य युरोपाची घड्याळं ज्या 15 अंश रेखावृत्तावर लावतात ते याच गावातून जातं, पण गावाला घाई कसलीच नाही. मुलगा ड्रेस्डेनला नोकरीला आहे, तिथून रेल्वेने सव्वा-दीड तास, म्हणून एकदा गेले आणि मग जातच राहिले. लोक इथल्या इमारती बघायला येतात. मला नाद लागला तो इथल्या लोकसंख्येच्या तक्त्याचा. सूनबाई म्हणते, "आई, लोक जर्मनीतून चॉकलेटं नेतात, तुम्ही आकडे नेता." काय करणार, जन्म हजेरीपट भरण्यात गेला. कोण हजर आणि कोण गैरहजर हे पाहिल्याशिवाय मला एखाद्या गावात चैनच पडत नाही. त्या तक्त्याशी झटताना जे कळलं ते खाली लिहिते आहे. क्रमांक दिलेत ते सवयीने, क्रमाला फारसा अर्थ नाही.

1. तक्त्याच्या वरच्या ओळींत माणसं नसतातच, असतात ती घरं आणि कर. गावाचा पहिला उल्लेख 1071 सालचा. राजा चौथा हाइनरिख याने माइसेनच्या बिशपला हे खेडं देऊन टाकलं, त्या दानपत्रात. खेड्यात माणसं किती, हे लिहिण्याची गरज देणाऱ्यालाही वाटली नाही आणि घेणाऱ्यालाही. पुढे नगरपरिषदेचे हिशेब आले, कराच्या याद्या आल्या. त्यांतली घरं मोजायची, दर घरामागे चार-पाच माणसं धरायची आणि गुणाकार करायचा, ही अभ्यासकांची रीत. 1500 च्या सुमारास दहा हजारांच्या आसपास वस्ती होती असं जे म्हणतात ते याच हिशेबाने. या गुणाकारातून मोलकरणी, शिकाऊ पोरं, मठातले साधू, वेशीवरचे भिकारी कुठल्या कुठे गळून जातात.

मी स्वतः 2001 च्या जनगणनेला प्रगणक होते. 28 फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी असते. मिरज स्टेशनाबाहेर टॉर्च घेऊन आम्ही फिरत होतो. एक म्हातारे गृहस्थ उठून बसले, नाव सांगितलं, वय अंदाजाने सांगितलं आणि मग म्हणाले, "बाई, आजवर कुणी विचारलं नव्हतं, आज एवढी चौकशी कशाला?" मी काहीतरी सरकारी उत्तर दिलं. मध्ययुगातले असे म्हातारे कुणाच्या वहीत आलेच नाहीत, आणि तरी आपण 'दहा हजार' असं बिनदिक्कत लिहितो.

2. तीनशे वर्षं आकडा जागचा हलला नाही, म्हणून मी त्या ओळींवरून भराभर बोट फिरवलं होतं. 1500 ला दहा हजार, 1800 उलटल्यावरही दहा हजारांच्याच आतबाहेर. वाटलं, गाव झोपलं असेल. नंतर इतिहास वाचायला घेतला तर एकेक निघू लागलं. 1525 ची आग, 1691 ची आग, 1717 ची आग. अधूनमधून प्लेग. 1547 मध्ये राजाची मर्जी खप्पा झाली म्हणून या प्रांतातल्या शहरांना जबर दंड बसला आणि हक्क गेले. तीस वर्षांच्या युद्धात स्वीडिश सैन्य गावात येऊन बसलं आणि 1641 मध्ये त्यांना हुसकायला दुसऱ्या सैन्याने वेढा घातला. गावकरी अर्थातच दोघांच्या मध्ये.

त्या काळच्या शहरांत जन्मांपेक्षा मरणं जास्त असायची. शहर टिकायचं ते आसपासच्या खेड्यांतून माणूस येत राहायचा म्हणून. एक माणूस दफनभूमीत गेला की दुसरा वेशीतून आत. याकोब ब्योमे हा असाच आलेला. जवळच्या आल्ट-झायडेनबेर्ग खेड्यात 1575 मध्ये जन्मलेला शेतकऱ्याचा पोरगा, धंद्याने मोची. 1599 मध्ये त्याला शहराचं नागरिकत्व मिळालं. तक्त्याच्या भाषेत म्हणजे 'अधिक एक'. याच अधिक एकाने 1612 मध्ये 'आउरोरा' नावाचं गूढवादी हस्तलिखित लिहिलं. गावच्या धर्मोपदेशकाने त्याला आयुष्यभर सळो की पळो करून सोडलं, आणि आज गावाचं नाव जगात घेतलं जातं ते बऱ्याच अंशी या मोच्यामुळे. बाहेरून आलेल्या माणसाची लायकी आल्या दिवशी ठरवू नये, असं मला शिक्षकखोलीत नव्या बाईंकडे बघतानाही कुणी सांगायला हवं होतं.

3. कुणाचं पोट कशावर चाललंय ते कळल्याशिवाय लोकसंख्या कळत नाही. ग्योर्लित्सचं पोट एका झाडपाल्यावर होतं. वाइड नावाची वनस्पती, तिच्या पानांपासून निळा रंग निघतो. पश्चिमेकडून पूर्वेला जाणाऱ्या राजरस्त्यावर हे गाव. 1339 मध्ये त्याला असा हक्क मिळाला की या वाटेने वाइड नेणाऱ्याने माल आधी इथे उतरवून विकायला ठेवलाच पाहिजे. कापड विणणारे, रंगवणारे, माल साठवणारे, गाडीवान, सगळे त्या निळ्या रंगावर जगले. बाजारचौकाजवळची व्यापाऱ्यांची घरं आत जाऊन पाहावीत. दारातून शिरलं की दोन-दोन मजले उंच मोकळं दालन, वर कमानी. गाडी मालासकट आत यावी अशी सोय.

मग समुद्रमार्गाने नीळ येऊ लागली. आपल्याकडची. तिच्यात रंग कितीतरी अधिक, म्हणून वाइडवाल्यांनी आरडाओरडा केला, 16 व्या शतकात जर्मन साम्राज्यात निळीवर बंदीसुद्धा आली. बंदी टिकली नाही. हे वाचलं तेव्हा त्या उंच दालनात मी उगीचच जरा अवघडून उभी राहिले, जणू नीळ मीच पाठवली होती.

4. रेल्वे माणसं नेते तशी आणतेही, हे मिरजेत जन्मलेल्या मला कुणी सांगायला नको. तरी ग्योर्लित्सचा वेग बघून थक्क झाले. 1815 मध्ये गाव प्रशियाकडे गेलं. 1847 मध्ये नायसे नदीवरचा दगडी पूल होऊन आगगाडी आली. 1849 मध्ये डबे बांधण्याचा कारखाना निघाला. आणि 1900 मध्ये वस्ती जवळपास 81 हजार! तीनशे वर्षं दहा हजारांवर अडलेलं गाव पाऊणशे वर्षांत आठपट. स्टेशनापासून जुन्या गावापर्यंत चार-पाच मजली नक्षीदार इमारतींच्या रांगाच्या रांगा आहेत, त्या सगळ्या या एका लाटेतल्या.

गंमत म्हणजे यातली सगळीच माणसं कारखान्यात राबायला आली नव्हती. बागा छान, कर कमी, म्हणून प्रशियाचे निवृत्त अधिकारी आणि लष्करातले पेन्शनर इथे येऊन घरं घेत. गावाला तेव्हा पेन्शनरांचं शहर म्हणून चिडवत. मीही पेन्शनरच, त्यामुळे हा भाग मी जरा आपुलकीने वाचला.

5. जी माणसं आकड्यात धरत नाहीत, त्यांच्या गोष्टी बहुतेक वेळा जास्त रंगतदार निघतात. 1916 मध्ये ग्रीक सैन्याची एक अख्खी तुकडी, जवळजवळ सात हजार माणसं, आगगाड्यांत बसून या गावात आली. ग्रीसमध्ये राजा एका बाजूला आणि माजी पंतप्रधान दुसऱ्या बाजूला अशी ओढाताण चालली होती. कावालाच्या त्या सैन्याने बल्गेरियनांच्या हाती पडण्यापेक्षा जर्मनांच्या स्वाधीन होणं पत्करलं. म्हणजे धड कैदी नाहीत आणि धड पाहुणे नाहीत. गावात हिंडायची मोकळीक, स्वतःचं ग्रीक वर्तमानपत्र, काहींची इथल्या मुलींशी लग्नंही झाली. 1917 मध्ये बर्लिनहून काही विद्वान यंत्रं घेऊन आले आणि त्यांनी या शिपायांची बोली नि गाणी ध्वनिमुद्रित केली. बुझुकी या ग्रीक तंतुवाद्याचं सर्वांत जुनं ध्वनिमुद्रण म्हणून जे सांगतात ते त्यातलंच. बुझुकीच्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास सुरू होतो कुठे, तर ग्योर्लित्समध्ये! याच विद्वानांच्या आयोगाने बर्लिनजवळ व्युन्सडोर्फच्या छावणीत हिंदुस्तानी कैद्यांचेही आवाज टिपले होते.

दुसऱ्या महायुद्धात पूर्वेकडच्या मोइस भागात युद्धकैद्यांची मोठी छावणी होती, श्टालाग 8 अ. वर्षानुवर्षांत लाखाहून जास्त कैदी तिथून गेले, म्हणजे गावाच्या वस्तीपेक्षा अधिक. त्यांतला एक फ्रेंच संगीतकार ओलिव्हिए मेसियाँ. त्याने चार वाद्यांसाठी लिहिलेली रचना 15 जानेवारी 1941 च्या कडाक्याच्या थंडीत छावणीतल्याच कैद्यांनी पहिल्यांदा वाजवली. विसाव्या शतकातल्या मोठ्या रचनांत तिचं नाव घेतात. लोकसंख्येच्या रकान्यात या माणसांना जागा नाही, आणि नियमाने ते बरोबरच आहे.

6. आकडा कधीकधी लाजतसुद्धा नाही. 1930 च्या दशकात तक्ता चौऱ्याण्णव हजारांच्या आसपास स्थिर दिसतो. त्याच दशकात गावातले काही शे ज्यू नागरिक देश सोडून गेले, राहिले त्यांतल्या बहुतेकांना पुढे छळछावण्यांत नेऊन मारलं. एवढ्याशा संख्येने चौऱ्याण्णव हजारांना ओरखडाही उठत नाही. 1911 मध्ये बांधलेलं त्यांचं भव्य सिनेगॉग मात्र उभं आहे. नोव्हेंबर 1938 मध्ये नाझींनी देशभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली, त्या रात्री तिथेही आग लावली होती, पण अग्निशामक दलाने ती विझवली. जर्मनीत त्या रात्री असं क्वचितच कुठे घडलं. इमारत वाचली, प्रार्थना करणारे उरले नाहीत. दुरुस्ती होऊन 2021 मध्ये ती सभागृह म्हणून उघडली. मी आत गेले तेव्हा वर घुमटाकडे बघत होते, आणि शेजारची बाई रांगेतल्या खुर्च्या मोजत होती. मी त्या दिवशी काहीही मोजलं नाही.

7. तक्त्यातली मला सर्वांत फसवी वाटलेली जागा म्हणजे 1939 आणि 1950 या दोन ओळी. 1939 ला जवळपास 94 हजार, 1950 ला एक लाखाच्या थोडं वर. गावाचा आजवरचा उच्चांक. नुसतं वाचणाऱ्याला वाटेल, वा, युद्धातूनही गावाची भरभराट झाली. बॉम्ब फारसे पडले नाहीत हे खरं. पण 7 मे 1945 ला, म्हणजे युद्ध संपायला तास मोजायचे राहिले असताना, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने नायसेवरचे सगळे पूल उडवले. मग दोस्तांनी ठरवलं की नदी हीच सरहद्द. नदीच्या पूर्वेकडचं ग्योर्लित्स पोलंडला गेलं आणि त्याचं झगोझेलेत्स झालं. ज्या मोच्याचं मी वर सांगितलं त्याचं घरही आता पोलंडमध्ये आहे.

तर, गावाचा एक तुकडा तुटला आणि वस्ती वाढली. कशी? नदीपलीकडच्या सायलेशिया प्रांतातून हाकलले गेलेले जर्मन लाखांनी पश्चिमेकडे निघाले होते. त्यांतले पुष्कळजण नदी ओलांडून थांबले ते इथेच, कारण त्यांना वाटत होतं की हे तात्पुरतं आहे, चार-सहा महिन्यांत परत जायचंय. नदीकाठी थांबलं म्हणजे घराच्या जवळ. 1945 च्या उन्हाळ्यात गावात खायला नव्हतं, उपासमारीने माणसं मेली. 1949 मध्ये शेजारचं वाइनह्यूबेल शहराच्या हद्दीत घेतलं, तीही माणसं बेरजेत आली. 6 जुलै 1950 ला पूर्व जर्मनी आणि पोलंड यांनी नदीपलीकडच्या झगोझेलेत्समध्येच बसून सरहद्दीच्या करारावर सह्या केल्या. 'तात्पुरतं' म्हणून बसलेल्यांना तेव्हा खरं काय ते कळलं असेल.

फाळणीच्या वेळी उल्हासनगरसारख्या छावण्यांत आलेल्या सिंधी कुटुंबांच्या हकिकती माझ्या पिढीने ऐकल्या आहेत, म्हणून त्या एक लाखाच्या आकड्यापाशी मी जरा जास्त वेळ थांबले. त्या ओळीतली किती माणसं 1939 च्या ओळीतलीच होती, हे आकडा सांगत नाही. शंभर मुलांच्या वर्गात यंदाही शंभर मुलं आहेत म्हणून हेडमास्तर खूश, आणि वर्गात शिरावं तर निम्म्या बाकांवर अनोळखी तोंडं, हे मी बदलीच्या गावात अनुभवलेलं आहे.

8. पलीकडच्या काठाची गोष्ट अलीकडच्या तक्त्यात शोधून सापडत नाही. पूल ओलांडावा लागतो. झगोझेलेत्समधले जर्मन गेले, रिकाम्या घरांत पोलिश लोक आले, आणि त्यांतले कितीतरी जण स्वतःच पूर्वेकडून, पोलंडच्या हातून सोव्हिएत संघाकडे गेलेल्या भागातून आलेले. विस्थापितांच्या घरात विस्थापित. त्यांच्या पाठोपाठ 1949 च्या सुमारास, यादवी युद्धात हरलेल्या बाजूचे हजारो ग्रीक निर्वासित पोलंडने याच गावात आणून ठेवले. पुन्हा ग्रीक! बत्तीस-तेहतीस वर्षांत ग्रीकांनी दोनदा या एकाच गावात यावं आणि दोन्ही वेळा नाइलाजाने यावं, याला काय म्हणायचं मला माहीत नाही. बहुतेक जण पुढे परत गेले किंवा इतरत्र पांगले, पण नदीकाठच्या रस्त्याला आजही ग्रीकांचं नाव आहे आणि तिथे ग्रीक गाण्यांचा उत्सव होतो.

जुन्या गावातला पादचारी पूल 2004 मध्ये पुन्हा बांधला. 2007 च्या डिसेंबरात पासपोर्टची नेहमीची तपासणीही बंद झाली. जर्मन आज्या पिशवी घेऊन पलीकडे सिगारेट आणि भाजी आणायला जातात. मी तो पूल ओलांडला तेव्हा माझा व्हिसा खिशात होता, छाती धडधडत होती, आणि माझ्यामागून एक पोरगा आइसक्रीम चाटत दुसऱ्या देशात निघून गेला. 2020 च्या मार्चमध्ये करोनामुळे याच पुलावर मधोमध कुंपण आलं आणि एकाच घरातली माणसं दोन बाजूंना उभी राहून बोलत होती.

9. न जन्मलेली मुलं शाळेच्या दारात दिसतात. माझ्यासारखीला ही गोष्ट आधी कळायला हवी होती, कारण आम्हीही पटसंख्येच्या धास्तीत नोकऱ्या केल्या. पूर्व जर्मनी असताना ग्योर्लित्स हळूहळू उतरतच होतं. 1980 च्या दशकाअखेर ते साधारण 78 हजारांवर आलं होतं. जुनी घरं ढासळत होती, लोक क्योनिग्सहूफेनच्या काँक्रीटच्या वसाहतीत राहायला जात होते. मग 1989 मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि दहा-पंधरा वर्षांत गाव साठ हजारांच्याही खाली गेलं. गेलेल्यांची कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. कोळशाची खाण 1997 मध्ये बंद, त्याच वर्षी वीजकेंद्र बंद, कारखान्यांत कपात. तरुण पश्चिमेकडे गेले, आणि त्यांत मुलींचं प्रमाण जास्त.

पण मला हादरवलं ते दुसऱ्याच आकड्याने. संपूर्ण पूर्व जर्मनीत 1989 मध्ये जवळजवळ 2 लाख बाळं जन्मली होती. 1994 मध्ये 80 हजारांहूनही कमी. पाच वर्षांत निम्म्याहून खाली! युद्ध नाही, साथ नाही, दुष्काळ नाही. उद्याचं काय होणार हे कळत नसलं की माणसं पाळणा लांबवतात, एवढंच. सहा वर्षांनी वर्ग रिकामे, मग शाळा बंद, मग शिक्षक घरी. त्या खाणीत पाणी भरून आता सुंदर तलाव झालाय. तिथे नावा चालतात. बंद शाळेचं काय होतं हे मात्र मी विचारलं नाही.

10. माणूस जातो, नोंद राहते. जर्मनीत घरोघर प्रगणक फिरण्याऐवजी मुख्यतः नगरपालिकेच्या नोंदवहीवर काम चालतं. घर बदललं की दोन आठवड्यांत कचेरीत जाऊन कळवायचं. मुलाच्या पहिल्या घरबदलीच्या वेळी त्याची जी धावपळ झाली ती बघून मी म्हटलं, इतका काटेकोर देश, यांचे आकडे चुकतील कसे? आणि 2011 ची जनगणना झाली तर देशात हिशेबापेक्षा 15 लाख माणसं कमी निघाली! 2022 च्या जनगणनेतही पुन्हा तोच प्रकार, साधारण 14 लाखांचा फरक. देश सोडताना कळवायला कुणी जात नाही, याची मला मनापासून मौज वाटली. शिस्त येताना असते.

11. रिकामी घरं ही लोकसंख्येची उलटी बाजू, आणि ती मोजायची सोपी युक्ती म्हणजे दारावरच्या घंटांची पाटी. स्टेशनाजवळच्या एका चार मजली इमारतीपुढे मी बराच वेळ उभी होते. पितळी पाटी, दोन ओळींत दहा बटणं. चार बटणांपुढे नावंच नाहीत, नुसती कागदाची पिवळट पट्टी. तीन नावं जर्मन, त्यांतलं एक जुन्या टंकलेखन यंत्रावर टाइप केलेलं. दोन पोलिश, पेनने लिहिलेली, एकावर चिकटपट्टी. एक अरबी वळणाचं, छापील आणि नवंकोरं. कुणीतरी खिडकीतून माझ्याकडे संशयाने बघायला लागलं तेव्हा मी निघाले. साडी नेसलेली बाई घंटा न वाजवता नावं लिहून घेतेय म्हटल्यावर दुसरं काय होणार!

या गावात चार हजारांच्या वर इमारती वारसा म्हणून नोंदलेल्या आहेत, आणि त्यांत राहायला माणसं पुरत नव्हती. 1995 पासून एक निनावी दाता दरवर्षी दहा लाख मार्क जुन्या गावाच्या दुरुस्तीला पाठवत राहिला, युरो आल्यावर 5 लाख 11 हजार 500 युरो. अट एकच, मी कोण हे शोधायचं नाही. 2016 पर्यंत पैसे आले आणि गावानं अट पाळली. आपल्याकडे एव्हाना त्याचा पुतळा झाला असता. दुरुस्त झालेल्या रस्त्यांवर हॉलीवूडवाले चित्रपट काढायला येऊ लागले. 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल'मधलं हॉटेल म्हणजे इथलं 1913 चं बंद पडलेलं डिपार्टमेंट स्टोअर.

तरी माणसं हवीत ती हवीतच. म्हणून 2019 मध्ये 'चाचणीपुरतं शहर' अशा अर्थाची योजना निघाली. या, महिनाभर फुकट राहा, इथे बसून काम करा, आवडलं तर पुढचं पुढे. मुलाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "आई, तूच अर्ज कर."

12. गेल्या काही वर्षांत आकडा घसरायचा थांबलाय, थोडा वरही गेलाय. जर्मन जन्मांमुळे नव्हे. नदीपलीकडून पोलिश कुटुंबं आली, कारण इकडे मोठी घरं रिकामी आणि पगार युरोत. सीरियातून, नंतर युक्रेनमधून माणसं आली. पश्चिमेकडचे पेन्शनरही पुन्हा येताहेत, शंभर वर्षांपूर्वीसारखेच. शेजारपाजारच्या गावांत गेलं तर कुणीही सांगेल की आमच्याकडे म्हातारेच उरलेत. ग्योर्लित्स जिल्हा जर्मनीतल्या सर्वांत वयस्क जिल्ह्यांपैकी एक आहे. गावाचा धंदाही बदलतोय: डबे बांधणाऱ्या त्या जुन्या कारखान्यात रेल्वेचे डबे थांबवून रणगाड्यांचे भाग करायचं 2025 मध्ये ठरलं.

बाहेरून येणाऱ्यांच्या जिवावर हे गाव नऊशे वर्षं चाललं आहे, हे तक्ता बघणाऱ्या कुणालाही दिसेल. म्हणून त्याने बाहेरच्यांचं स्वागत केलंच असेल असं समजू नका. ब्योमेला विचारा. 2019 मध्ये महापौरपदाची निवडणूक झाली. पहिल्या फेरीत परदेशी स्थलांतराला कडवा विरोध करणाऱ्या पक्षाचा उमेदवार आघाडीवर होता. दुसऱ्या फेरीत ओक्टावियान उर्सू निवडून आले, सुमारे 55 टक्के मतांनी. हे उर्सू मूळचे रोमानियाचे, बुखारेस्टमध्ये जन्मलेले, आणि ग्योर्लित्सला आले होते ते तिथल्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायला. उरलेली 45 टक्के मतंही याच गावातली होती.